खसखशीचा हलवा

प्रमिलाबाई वसतिगृहात राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठी माझ्यासाठी होती. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेचं वसतिगृह तेव्हा माझ्याकडे होतं: चाळीस मुली, दोन स्वयंपाकिणी, एक पाणक्या आणि कोठीच्या किल्ल्या. शास्त्र शिकवायला अकोल्याहून नव्या बाई येणार, त्यांना कोपऱ्यातली खोली द्यायची, एवढं मला कळवलेलं होतं. चिठ्ठीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

चिठ्ठीत तीन गोष्टी होत्या. तीळ. शेंगदाणा. कापसाची धूळ. खाली लिहिलं होतं, "यांपैकी काहीही पोटात किंवा नाकात गेलं तर माझा जीव जाऊ शकतो. कृपा करून याला सोवळं किंवा आवडनिवड समजू नये."

मी ती चिठ्ठी कोठीच्या दाराच्या खिळ्याला अडकवली आणि आमच्या मोठ्या स्वयंपाकीणबाईंना, गोदूबाईंना, म्हटलं, "घ्या, आणखी एक नखरा."

वऱ्हाडातल्या स्वयंपाकातून तीळ आणि दाणे काढले तर उरतं काय? वांग्यात कूट, चटणीत कूट, उपासाला दाणे, आणि तेल बहुतेक तिळाचंच. गोदूबाईंनी चिठ्ठी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मंग ह्या बाईले खाऊ काय घालू वं? हवा?"

"हवेतसुद्धा कापूस आहे, गोदूबाई," मी म्हणाले. आम्ही दोघी हसलो.

ते हसणं आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याला मी नंतर बरीच कारणं शोधली, पण सुरुवात तिथे आहे.

प्रमिलाबाई लहानखुऱ्या होत्या, तिशी उलटलेल्या, आवाज किंचित घोगरा. जेवण खोलीतल्या शेगडीवर स्वतःच रांधायच्या आणि फळा पुसायला ओलं फडकं वापरायच्या. कापसाच्या गाड्या रस्त्यावरून जायला लागल्या की नाकावर पांढऱ्या मलमलीची दुहेरी घडी बांधायच्या आणि तशाच शिकवायच्या. मुली पाठीमागे त्यांना "जैन साध्वी" म्हणत. बाईंच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्या वर्गात म्हणाल्या, "साध्वी जिवांना वाचवायला बांधतात. मी एकाच जिवाला वाचवतेय. माझं पुण्य कमी."

त्यांचं लहानपण अकोल्यात, कापसाच्या जिनिंगच्या अगदी मागच्या गल्लीत गेलं. दसरा झाला की कारखाना सुरू व्हायचा आणि बाईंना माडीवरच्या खोलीत घालून खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या जायच्या. होळीपर्यंत बाहेर यायचं नाही. त्या खोलीत भिंतीला ओल येऊन नकाशे उमटले होते. बाईंनी प्रत्येक डागाला एकेका देशाचं नाव दिलं आणि रोज दुपारी त्या एकेका देशी जायच्या. कुठली बोट घ्यायची, तिथे पाऊस कधी पडतो, लोक काय पेरतात, हे सगळं भावाच्या पुस्तकांतून आधी काढायचं आणि मग निघायचं. माहितीशिवाय प्रवास नाही, असा त्यांचा नियम होता. "मी जावा-सुमात्रा हिंडलेय," त्या सांगायच्या. "मूर्तिजापूर तेवढं राहिलं होतं. ते इथे नोकरीला येताना रेल्वेतून पाहिलं."

दुसरी सवय म्हणजे "कशावरून?" हा प्रश्न. कोणी म्हणालं की पेरू खाल्ला आणि सर्दी झाली, की बाई शांतपणे विचारायच्या, "कशावरून?" सुरुवातीला मला तो उद्धटपणा वाटे. नंतर कळलं की हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःच्या घरच्यांना विचारला होता. अकोल्यात लहानपणापासून त्यांना वर्ज्य केलेल्या पदार्थांची यादी लांबलचक होती: दही, केळं, पेरू, वांगं, चिंच, ताक, आंबाडी, फणस, एकेका आत्याने एकेका आजारपणात घातलेली एकेक भर. अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे परदेशी मासिकं येत. त्यांतून बाईंनी ॲलर्जी हा शब्द शोधून काढला, आणि ती ओळखायची रीतही. आम्ही तो शब्द पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या तोंडून.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. "मालतीबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे आणि तुम्ही वेळ चुकवत नाही. जरा लिहून घ्याल?"

मी वही घेऊन बसले. बाईंनी डाव्या हाताची आतली बाजू साबणाने धुतली, दिव्याच्या ज्योतीवर सुई धरली आणि कातडीवर तीन बारीक ओरखडे काढले, रक्त येणार नाही इतके हलके. एकावर पाण्याचा थेंब ठेवला, एकावर पेरूच्या रसाचा. तिसऱ्यावर भिजवून वाटलेल्या तिळाचं पाणी, तेही काडीच्या टोकाने टेकवल्यासारखं.

"तीळ कशाला?" मी विचारलं. "तो तर माहीत आहे."

"माहीत असलेला शेजारी असला की अनोळखी माणूस ओळखता येतो."

मी घड्याळाकडे बघून लिहीत होते. पाणी, काही नाही. पेरू, काही नाही. तिळाच्या जागी मात्र बघता बघता गांध उठली, आधी मसुरीएवढी, मग चिंचोक्याएवढी, भोवती लाल कडं. एका ओरखड्याने, काडीच्या टोकाएवढ्या पाण्याने. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

मग बाईंनी पेरू चिरला, तिखट-मीठ लावलं, आधी कणभर खाऊन तासभर वाट पाहिली, आणि नंतर अख्खा पेरू खाल्ला. तिशी उलटलेली बाई पहिल्यांदा पेरू खात होती. बिया दातांखाली फुटत होत्या आणि त्या मोठमोठ्याने हसत होत्या. त्या वर्षात अशा एकेका रविवारी दही, केळं, वांगं, चिंच, ताक, आंबाडी आणि फणसही त्यांनी यादीतून काढून टाकलं. शेवटी उरल्या त्या चिठ्ठीतल्या तीनच गोष्टी. मी आयुष्यभर याद्या वाढवत आले. यादी खोडत खोडत मोकळं झालेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

हवेचंही त्यांनी तेच केलं. गच्चीवर काचेच्या पट्टीला व्हॅसलिन लावून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या: कापसाचे तंतू किती, पराग कोणते, वारा कुठून होता. महिन्याभराने त्यांना वाऱ्याची दिशा पाहून सांगता यायला लागलं की आज बाहेर पडणं ठीक आहे की नाही. ज्या दिवशी ठीक असे त्या दिवशी खोलीच्या दारावर खडूने "आज बाहेर" लिहिलेलं असायचं, आणि संध्याकाळी बाई मुलींना घेऊन मालटेकडीपर्यंत चालत जायच्या. दार बंद ठेवून जगायची सवय लागलेली ही बाई दारावर असं लिहायची, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मला खडूचा डाग पुसायचा त्रास वाटे.

चंद्रभागा म्हणून आठवीतली एक मुलगी होती, शेंदूरजनाघाटची. तिच्या माळी घरची संत्र्यांची बाग होती. एकदा वर्गात बाई संत्र्याच्या फुलाबद्दल सांगत होत्या, बहार धरलेली बाग कशी दिसते, माश्या कशा घोंगावतात, पाकळी बोटावर कशी मेणासारखी लागते. तास संपल्यावर चंद्रभागा उठून म्हणाली, "बाई, तुमी कधी येऊन गेल्या आमच्या बगीच्यात? सांगतलं नाही आमाले."

"मी आले नाही गं कधी."

"मंग एवढं कसं माईत?"

"वाचून. बाकीचं मनानं."

चंद्रभागेने जरा विचार केला. "पन मनानं पाह्यलेलं संत्रं खाता येत नाही नं, बाई. येऊन पाहा."

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. त्यांनी चंद्रभागेकडून कागदात बांधून मृगाच्या बहाराची फुलं मागवली, पराग काचेवर घेतला, आणि चार दिवसांनी माझ्या खोलीत आल्या. इतक्या उजळ चेहऱ्याने त्या कधी आल्या नव्हत्या.

"मालतीबाई, तो जड आहे. चिकट आहे. तो वाऱ्यावर येतच नाही, माशीच्या पायाला लागून जातो. मी फुललेल्या बागेत उभी राहू शकते. नाकावर काही न बांधता."

सहल ठरली. संत्र्याचा पुढचा, आंबिया बहार संक्रांतीनंतर फुलतो, म्हणून रथसप्तमीच्या आधीचा रविवार धरला. आठवीच्या बारा मुली, बाई आणि मी. शाळेच्या मंडळाचे चिटणीस कुरकुरले. अशा प्रकृतीच्या बाईंवर बाहेरगावी मुलींची जबाबदारी टाकणं त्यांना पसंत नव्हतं. बाईंनी त्यांना लिहून दिलं की काही झालं तर पुन्हा मुलींना बाहेर नेणार नाही. सगळ्या तयारीची यादी माझी होती, आणि तिच्यात एकच अडचण होती. रथसप्तमीपर्यंत कोणाच्याही घरी गेलं की हळदीकुंकू आणि तिळाचा हलवा. तो नाकारायचा कसा? त्यातून चंद्रभागेने आपल्या आजीचा, ठकूबाईंचा, स्वभाव सांगून ठेवला होता. आदल्या वर्षी कोणा अंमलदाराच्या बायकोने त्यांच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि ठकूबाई ते अजून विसरल्या नव्हत्या. बाई ब्राह्मण. हलवा नाकारला तर आजाराची गोष्ट कोण ऐकणार?

"मी घेणार नाही असं सरळ सांगेन," बाई म्हणाल्या.

"तसं नको. मी करते बरोबर," मी म्हणाले.

हलव्यात पोटाशी तीळच असला पाहिजे असं नाही. खसखशीवर पाक चढवूनही हलवा होतो. पुरेशी पुटं दिली की वरून दोन्ही सारखेच, पांढरे, काटेरी. नव्या परातीत, वेगळ्या शेगडीवर, बाईंच्या देखत गोदूबाईंनी खसखशीचा हलवा केला. नंतर तिळाचा. दोन सारखे डबे. तिळाच्या डब्याला लाल दोरी, खसखशीच्या डब्याला निळी. लाल डबा ठकूबाईंच्या घराला भेट, आणि निळा त्यांच्या हातात देऊन म्हणायचं, हा आमच्या बाईंना तुमच्या हातानं द्या. त्यांचा मान राहील, बाईंचा जीव राहील. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

वरूडपर्यंत मोटार, पुढे बैलांच्या तीन दमण्या. डबे मुलींच्या दमणीत होते. बागेत पोचल्यावर बाईंनी मलमलीची घडी सोडली आणि पदराला खोचली. झाडाझाडाला पांढरी फुलं, खाली पाकळ्यांचा सडा. त्या एका फांदीखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला, मग आणखी एक, मग आणखी एक. चंद्रभागा बाजूला उभी होती.

"चंद्रभागा, वर्गात मी चुकीचं सांगितलं. वास याहून कडू सांगितला होता."

"मंग आता खोडून टाका, बाई," चंद्रभागा म्हणाली.

तासाभराने अंगणातून बोलावणं आलं. मी डबे आणायला दमणीकडे गेले. दोन्ही दोऱ्या दमणीत खाली पडलेल्या होत्या. वाटेत मुलींनी भूक लागली म्हणून दोन्ही डबे उघडले होते, मूठमूठ खाल्लं होतं आणि झाकणं तशीच लावून टाकली होती. मी विचारलं, कुठली दोरी कशाची होती? कोणालाच आठवेना. मी दोन्ही डबे उघडले. दोन्हीकडे पांढरा, काटेरी हलवा.

एक दाणा फोडला असता तर कळलं असतं. दातात धरून फोडायचा आणि आत बघायचं, एवढंच काम. पण चंद्रभागेची आई घ्यायला आली होती, तिने हसत माझ्या हातातला एक डबा घेतला आणि म्हणाली, "चला नं बाई, मायबाई वाट पाहून राहिली." मी त्या डब्यामागे गेले. चालताना मनाशी म्हटलं, हलका वाटला म्हणजे खसखशीचाच असणार. मुलींनी त्यातला जास्त खाल्ला असेल. हेही म्हटलं: असलाच तिळाचा, तर एक दाणा. एका दाण्याने काय होतं?

ओसरीवर ठकूबाई बसल्या होत्या. बाईंना कुंकू लावून त्यांनी डब्यात हात घातला. "घ्या नं, बाई. आमच्या हातचं चालते का तुमाले?"

सगळं अंगण बघत होतं. बाईंनी हात पुढे केला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हा आपलाच ना?"

"हो, आपलाच," मी म्हणाले.

बाईंनी मूठभर घेतला आणि ठकूबाईंच्या समोर त्यातला थोडा तोंडात टाकला. ठकूबाईंचा चेहरा खुलला. दुसऱ्या घासाला बाईंचं चावणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओठ सुजायला लागले, मानेवर गांधी चढल्या, श्वासाला शीळ लागली. त्यांच्या पिशवीत डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची कुपी आणि सुईची पेटी होती. ती पेटी माझ्या हातून उघडेना. बाईंनी ती माझ्याकडून घेतली, कुपीची मान मोडली, औषध सुईत ओढलं आणि लुगड्यावरूनच मांडीत टोचलं. नंतर त्या आडव्या झाल्या. वरूडच्या दवाखान्यात त्यांना दमणीतून नेलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या, पण दोन दिवस बोलल्या नाहीत.

ठकूबाई दमणीच्या मागे चालत येत होत्या. "माह्या हातानं झालं वं माय, माह्या हातानं." डबा चुकल्याचं त्यांना कोणी सांगितलं नाही. म्हणजे मी सांगितलं नाही. चंद्रभागेने नंतर सांगितलं की त्यानंतर आजीने कोणालाच हलवा दिला नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या.

चिटणिसांनी अहवाल मागितला. मी एका बैठकीत लिहून काढला: मुक्काम, वेळा, मुलींची हजेरी, दवाखान्यात पोचलो ती वेळ. मधे एक वाक्य होतं: "यजमानांच्या आग्रहास्तव बाईंनी हलवा स्वतः घेतला." खोटं त्यात एकही अक्षर नव्हतं. मंडळाने ठरवलं की ज्यांना स्वतःची प्रकृती सांभाळता येत नाही त्यांच्यावर मुली सोपवता येणार नाहीत. बाईंना सहली बंद, टेकडी बंद, आणि उन्हाळ्यानंतर नोकरीही बंद. माझी नोकरी राहिली. जाताना बाईंनी मला काही विचारलं नाही. ट्रंक उचलायला मीच माणूस बोलावला होता.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी मला कामासाठी अकोल्याला जावं लागलं. बाई तिथे भावाकडे राहतात असं ऐकलं होतं. दुपारी पत्ता काढत गेले. कारखाना बंद पडला होता, गल्लीत धूळ नव्हती. बाई माडीवर नव्हत्या, खालच्या पडवीत गल्लीतल्या पाचसहा मुलींना गणित शिकवत होत्या. केस पिकले होते. मुलींना सोडून त्यांनी मला आत बसवलं.

मी सगळं सांगितलं. दोऱ्या, डबे, फोडून न पाहणं, "हो, आपलाच", अहवालातलं वाक्य. न रडता सांगायचं ठरवलं होतं, तसं सांगितलं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "मला दुसऱ्याच घासाला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "चव कळली, आणि तुमचा चेहराही."

"मग मंडळाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मी फोडून पाहिला असता तरी कळलं असतं. पण ठकूबाईंच्या समोर फोडून बघणं मलाही बरं वाटलं नाही. तुम्हाला विचारणं सोपं होतं."

"तुम्ही विचारलंत म्हणूनच ते माझ्यावर आहे."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी तेवढंच म्हटलं. मी त्यांच्याकडून याहून अधिक काहीतरी घ्यायला आले होते हे मला तेव्हा समजलं.

"नंतर कुठे गेला होतात का, बाई? आता धूळही नाही."

"नाही. हवेचं मला कळतं. माणसांचं कसं काढायचं ते अजून जमलेलं नाही."

त्यांच्या वहिनी चहाचा ट्रे ठेवून गेल्या. सवयीने मीच पुढे झाले, एक कप उचलून बाईंच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला. बाईंनी कप घेतला, मुलींच्या अभ्यासाबद्दल बोलत राहिल्या, मी इकडच्या-तिकडच्या शाळांच्या बातम्या सांगत राहिले. माझा चहा संपला. निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या, हातात कप तसाच होता.

गल्लीच्या वळणावर माझी छत्री राहिल्याचं लक्षात आलं म्हणून मी परत फिरले. बाई अंगणात होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून, वहिनींना दिसणार नाही अशा उभ्या राहून, त्या तो कप जास्वंदीच्या आळ्यात हळूहळू ओतत होत्या. चहावर साय धरलेली होती. मी छत्री न घेताच स्टेशनवर गेले.